पहिली ओळ मिळालेलीच असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षं तुम्ही नारदीय कीर्तन करता आहात. वही तयार असते, चाली बसलेल्या असतात, पण वहीबाहेरचं एक वाक्य बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. तुमचे गुरुजी म्हणतात, उपज हवी, म्हणजे आयत्या वेळी आपलं काही सुचायला हवं. घरातली वडीलधारी म्हणतात, देवाच्या कार्यात मनचं काही घालू नये. मग खरं कोणाचं, उपज शिकून येते का, आणि ती कीर्तनाच्या गादीवर उभं राहिल्यावरच कामाची की एरवीच्या जगण्यातही?

मी ३१ वर्षं कीर्तन करते आहे. उत्तर द्यायच्या आधी एका संध्याकाळची गोष्ट सांगते, कारण या विषयातलं मला जे काही कळलं त्यातलं बरंचसं त्या संध्याकाळी कळलं.

चैत्रातलं रामाचं नवरात्र होतं. कऱ्हाडच्या बाजूचं छोटं गाव, पाचव्या दिवसाचं कीर्तन माझ्याकडे. आख्यान सीतास्वयंवराचं ठरलेलं. गावात पोचले तर पारावर कोणी नाही, चहाची टपरी बंद. पुजारी म्हणाले, "ताई, सकाळी वरच्या आळीतले आजोबा गेले. मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबले होते, आत्ता उरकून मंडळी परत येताहेत. नवरात्रातलं कीर्तन आम्ही मोडत नाही. तासभर उशिरा उभ्या राहा." लोक आंघोळी करून, ओल्या केसांनी येऊन बसले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

स्वयंवराचं आख्यान म्हणजे धनुष्याखाली सापडलेला रावण, वऱ्हाडाची धांदल, हशा. ते त्या सभेपुढे कसं लावायचं? नमन झालं, ज्यावर सगळं कीर्तन उभं राहतं ते मूळ पद झालं, पूर्वरंगाचं, म्हणजे कथेआधीच्या भागाचं, निरूपण नामावर होतं ते चालून गेलं. मध्यंतरात बुक्का लागत होता तेव्हा मी ठरवलं, भरत घ्यायचा. नवरात्र रामाचं, कथा रामाचीच, उत्सवाची चौकट कुठे मोडत नव्हती. पण भरतभेट मी चार वर्षांत लावलेली नव्हती आणि वही घरी होती.

उभी राहिले. पेटीवर आमचे काका होते. माझ्या तोंडून 'आजोळी असलेला भरत' एवढं निघालं आणि त्यांनी पट्टी तीच ठेवून शिवरंजनी रागाचे सूर धरले. त्या सुरांनी मला अर्धं आख्यान आठवून दिलं. भरताला निरोप येतो, पण काय घडलं ते दूत सांगत नाहीत. तो अयोध्येत शिरतो तर रस्ते सुने, दुकानं बंद. 'दुकानं बंद' म्हटल्याबरोबर समोरच्या माना वर झाल्या. त्यांच्या गावाबद्दल मी एक अक्षर बोलले नाही, बोलायचं कारणही नव्हतं. भरत येईपर्यंत दशरथाचा देह तेलाच्या द्रोणीत जपून ठेवला होता, हा रामायणातला तपशील मी पूर्वी एका वाक्यात उरकत असे. त्या रात्री तिथेच थांबले. लेकरासाठी थांबलेला बाप, एवढ्यावर दहा मिनिटं बोलले. दोन साक्या मध्येच विसरले, त्या जागी नामाचा गजर घेतला. त्या दहा मिनिटांतलं एकही वाक्य माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी हिशोब मांडला. यातलं माझं काय होतं? कथा हजारो वर्षांची. तिची मांडणी माझ्या गुरूंनी, बुवांनी, शिकवलेली. सूर काकांचे. शांतता गावाची. माझी होती ती फक्त जोडणी. पण ती जोडणी त्या दिवशी, त्या माणसांपुढेच होऊ शकत होती. आदल्या रात्री घरी बसून झाली नसती. उपज म्हणजे एवढंच, असं मला वाटतं. पोकळीतून काही काढायचं नसतं. पहिली ओळ कोणीतरी दिलेली असते, दुसरी आपण लावायची असते.

हे मी खरं तर कीर्तनाच्याही आधी शिकले होते, आजीच्या जात्यापाशी. आमच्याकडे गिरणी आली तरी आजी सणासुदीचं आणि भाजणीचं दळण घरीच करायची. समोर शेजारची काकू. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. आजी एक ओळ म्हणायची, काकू तीच ओळ झेलून पुन्हा म्हणायची, आणि तेवढ्या वेळात आजीला पुढची ओळ सुचायची. आजीचा मुलगा, माझे काका, नोकरीसाठी मुंबईला निघाले त्या पहाटेची एक ओवी माझ्या आईला आठवते:

पहाटेच्या पारी, दाणं सरंना सुपात
बाळाच्या एस्टीत गं, विठू बसला सोबत

'पहाटेच्या पारी' हा आरंभ काही आजीचा नव्हता. तो अख्ख्या मुलखातल्या बायकांचा. सुपातलं दाणंही कितीजणींच्या ओवीत असेल. एसटीत विठोबाला बसवलं ते मात्र तिनं, त्या सकाळी, पोरगा पिशवी भरत असताना. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपण काही रचतो आहोत असं तिला कोणी म्हटलं असतं तर तिला ते पटलं नसतं. ती दळत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या थोड्या जरी ऐकल्यात तरी दिसेल की हजार बायकांनी एकच पहिली ओळ घेतली आहे आणि दुसऱ्या ओळीत प्रत्येकीनं आपलं घर, आपला भाऊ, आपलं दुखणं आणलं आहे. आणि राम, सीता, विठोबा, रखुमाई त्या घरात अगदी सहज वावरतात. धर्म कुठे संपला आणि संसार कुठे सुरू झाला, ते शोधूनही सापडत नाही.

जात्यानं त्या बायकांना तीन गोष्टी दिल्या होत्या: फेऱ्याचा ठेका, गुंतलेले हात, आणि ओळ झेलणारी सोबतीण. तुमच्या घशाला कोरड पडते त्याचं कारण मला वाटतं इथे आहे. तुम्ही वही पाठ केली आहे, पण उसंत कुठून मिळते ते शोधलेलं नाही.

वारकरी कीर्तन कधी नीट पाहा. बुवा अभंगाचं एक चरण बोलतात, मागचे टाळकरी ते उचलतात, मृदंग चढतो, ध्रुपद, म्हणजे पालुपद, तीनदा-चारदा फिरतं. श्रोत्यांना तो रंग वाटतो, आणि तो असतोच. पण त्या वेळात बुवा डोळे मिटून पुढचं जुळवत असतात. प्रमाण, म्हणजे आधाराचं संतवचन, देतानाही बुवा पहिले दोन-तीन शब्द टाकतात आणि उरलेला अभंग टाळकऱ्यांतला गायक उचलतो. बुवांच्या मनात कोणता अभंग आहे ते त्याला दोन शब्दांत ओळखावं लागतं. यासाठी हजारो अभंग कंठात लागतात. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली मुलं चार वर्षं पाठांतरात घालवतात ती का, ते अशा क्षणी कळतं. आपल्या नारदीय कीर्तनात मागे टाळकरी नसतात. पेटी, तबला आणि समोरचे लोक असतात. म्हणून आपली उसंत म्हणजे नामाचा गजर, मूळ पदाची पुनरावृत्ती, आणि साथीदाराला दिलेली जागा. काही सुचेनासं झालं की घाबरून वेगानं बोलू नका. मूळ पदाच्या पहिल्या ओळीवर या, ती शांतपणे गा, लोकांना म्हणायला लावा. दुसरी ओळ बहुतेक वेळा तेवढ्यात येते.

उपज शिकता येते का? येते. आमच्या बुवांनी ती शिकवली. पहिली तीन वर्षं त्यांनी मला मनचं एक वाक्य बोलू दिलं नाही. नुसतं पद्यांचं पाठांतर: आर्या, साक्या, दिंड्या, कटाव. मोरोपंतांच्या आर्या तर इतक्या, की अजून झोपेतून उठवलं तरी सांगेन. बारामतीचे पंत १७९४ साली गेले, पण त्यांच्या आर्येची घडण तोंडात बसली की वाक्य कुठे वळवायचं आणि कुठे आपटायचं ते जिभेलाच कळतं. चौथ्या वर्षी मात्र एकदम उलट. बुवा अंगणातली एखादी वस्तू हातात द्यायचे, पणती म्हणा, सुतळीचा तोडा म्हणा, आणि सांगायचे, यावरून सुरू कर आणि पाच मिनिटांत मूळ पदावर ये. पदावर येता आलं नाही तर बाकीचं कितीही छान बोललीस तरी ते फुकट. मग एकच आख्यान चाळीस मिनिटांत, पंधरात, पाचात. मग तेच आख्यान मंथरेच्या बाजूनं. याला मी दोन महिने झुंजले. मंथरेला वाईट न ठरवता तिचं म्हणणं मांडायचं आणि तरी श्रोता रामापाशी यायला हवा. बुवांचा सगळ्यात कठीण पाठ मात्र बोलण्याचा नव्हताच. ते मला दुसऱ्यांच्या कीर्तनाला घेऊन जायचे आणि गादीकडे पाठ करून बसवायचे. श्रोत्यांकडे बघ म्हणायचे. कोण कधी हललं, कुठल्या शब्दाला म्हातारीनं पदर डोळ्याला लावला, पोरं कधी उठली, घरी गेल्यावर सांग.

ते मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. २०२० साली समजलं. त्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पायी वारी झाली नाही, आणि आम्ही कीर्तनकार आपापल्या घरात मोबाइलपुढे उभे राहिलो. साथीला कोणी नाही, समोर कोणी नाही. माझी ३१ वर्षांतली सगळ्यात कोरडी कीर्तनं ती. पाठ होतं ते सगळं बिनचूक आलं आणि त्याबाहेरचं एक वाक्य सुचलं नाही. चौथ्या दिवशी मी शेजारच्या वहिनींना दारात स्टूल टाकून बसायची विनंती केली. त्या लांब बसल्या, तोंडाला पट्टी होती, नुसते डोळे दिसत होते. पण दोन डोळे पुरले. माझं सुचणं माझ्या डोक्यात आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यातलं निम्मं समोरच्या माणसात होतं.

गाडगेबाबांचं कीर्तन याचं सगळ्यात मोठं उदाहरण. १९५६ साली ते गेले. त्याच वर्षीच्या, वांद्र्याच्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ते जरूर ऐका. बाबा सांगत नाहीत, विचारतात. लोक उत्तर देतात आणि त्या उत्तरातूनच बाबांचा पुढचा प्रश्न निघतो. लोकांच्याच तोंडून लोकांना पटेल असं वदवून घेतात. असं कीर्तन वहीत लिहून काढता येईल का, विचार करा. आणि मागे जायचं तर माउलींपर्यंत जा. नेवाशाला श्रोत्यांपुढे गीतेवर निरूपण झालं, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, शके १२१२. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, आणि त्यांत किती ठिकाणी माउली श्रोत्यांशीच बोलतात: लक्ष द्या म्हणतात, सलगी करतात, विषय लांबला म्हणून श्रोते टोकतात तेही येऊ देतात. आपण तो ग्रंथ म्हणून पूजतो, पूजावाच. पण त्याच्या पानोपानी समोर बसलेली माणसं आहेत.

आता तुमच्या घरच्यांचा आक्षेप. तो मी हलका मानत नाही. देवाच्या कार्यात मनचं घालू नये या म्हणण्यामागे एक खरी भीती आहे, आणि मी स्वतः त्या भीतीला जागा दिली नाही तेव्हा चुकले. कीर्तनाला सात-आठ वर्षं झाली होती. एका संताच्या आख्यानात मी आयत्या वेळी एक प्रसंग रचून घातला. घरात अन्न नाही, लेकरू रडतंय, असं काहीतरी. सभा रडली. मला फार बरं वाटलं. शेवटी एक वृद्ध गृहस्थ नमस्काराला आले आणि त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "ताई, हा प्रसंग कोणत्या चरित्रात आहे? मला वाचायचाय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते त्यांना तिथेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण चेहरा उतरला त्यांचा. त्यानंतर मी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा अशी: संतांच्या शब्दाला हात लावायचा नाही, त्यांच्या चरित्रात न घडलेलं घडवायचं नाही, चमत्कार वाढवायचा नाही. दृष्टांत माझा असेल तर 'माझ्या पाहण्यातला' असं म्हणूनच द्यायचा. या कुंपणाच्या आत निरूपण, गती, सूर, कुठे थांबायचं आणि कुठे धावायचं, यात मोकळं रान आहे आणि ते पुरून उरतं. टाळी घेण्यासाठी सुनेवर, बायकोवर, एखाद्या जातीवर मारलेल्या कोट्यांना कोणी उपज म्हणू नये. त्या वर्षानुवर्षं त्याच असतात. त्यांत सुचण्यासारखं काही नसतं.

पण घरच्यांना हेही दाखवा की आपल्या पूजेतच आयत्या वेळेची सोय करून ठेवली आहे. अलंकार नसले की गुरुजी 'आभूषणार्थे अक्षतां समर्पयामि' म्हणतात आणि चार तांदळाचे दाणे दागिने होतात. वस्त्र नसेल तर कापसाचं. गणपतीची मूर्ती जवळ नसेल तर सुपारी मांडतात. काहीच नसेल तर मानसपूजा. ज्येष्ठागौरी पाहा: कुणाकडे नदीवरचे खडे, कुणाकडे तेरड्याची रोपं, कुणाकडे धान्याच्या डब्यावर मुखवटा आणि त्यावर नेसवलेली साडी. या रीती कधीतरी कोणत्या तरी घरातल्या बाईनं, जवळ जे होतं त्यातून उभ्या केल्या असणार, असं माझं मन सांगतं. पुढे त्यांचा कुळाचार झाला. तेरड्याच्या घरातली सून आता खडे मांडत नाही, आणि ते योग्यच आहे.

यात एक फरक सांभाळा. वेळ मारून नेणं वेगळं आणि उपज वेगळी. वेळ मारून नेतो तेव्हा आपल्याला प्रसंगातून सुटायचं असतं. त्या कऱ्हाडकडच्या गावात मला वेळच मारून न्यायची असती तर स्वयंवर आवरतं घेऊन अर्ध्या तासात आरती लावता आली असती. कोणी नाव ठेवलं नसतं.

उरला रोजच्या जगण्याचा प्रश्न. अवचित आलेले पाहुणे आणि पिठलं, शिळ्या पोळीचा कुस्करा, हे तुम्हाला ठाऊकच आहे; त्यात मी नवीन काय सांगू? मला सांगायचं आहे ते सासूबाईंबद्दल.

त्यांची स्मृती गेली सहा वर्षं उतरणीला लागली आहे. संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन विचारतात, "दादा आला का गं मळ्यातून?" दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. सुरुवातीला मी खरं ते सांगायची, "आई, मामा गेले ना." त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडायच्या. रोज एक मरण. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण दिवेलागणीचा तो प्रश्न काही थांबत नव्हता. एक दिवस मी कणीक मळत होते, हात गुंतलेले, आणि त्यांनी विचारलं. मला एकदम आजीचं जातं आठवलं. ओळ आली आहे. ती तोडायची कशाला, झेलायची. मी म्हटलं, "आले की काय वाढायचं हो त्यांना?" त्या आत आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "त्याला हुरड्याचं थालीपीठ. लोणी जास्त. आणि मला अर्धं ठेवशील, तो देतो मला." मग मळा, मोट, दादाच्या खांद्यावर बसून पाहिलेली खंडोबाची जत्रा. अर्धा तास बोलल्या. त्या अर्ध्या तासातलं काहीही मला माहीत नव्हतं, आणि मी त्यांच्या घरात २८ वर्षं नांदते आहे.

हे खोटं बोलणं झालं का, असा प्रश्न मी स्वतःला खूप दिवस विचारला, कारण वर सांगितलेली रचलेल्या प्रसंगाची चूक मी विसरलेली नाही. मामा आले असं मी कधी म्हणत नाही. जिवंत आहेत असंही नाही. मी फक्त पुढची ओळ विचारते आणि ती त्या लावतात. इथे पहिली ओळ त्यांची आणि दुसरीही त्यांचीच. मी मधली सोबतीण. रोज तोच प्रश्न येतो आणि रोज काहीतरी वेगळं निघतं. परवा म्हणाल्या, दादाला पोहायला आपणच शिकवलं. खरं की खोटं, कोण जाणे. संध्याकाळ शांत गेली.

आता तुमच्यासाठी. वही सोडू नका. उलट अजून दोन वर्षं पाठांतर वाढवा, दिवसाला निदान दोन आर्या. मूळ पद असं निवडा की ते सुखाच्या घरीही चालेल आणि दुःखाच्याही. साथीदारांबरोबर आधी बसा, पण सगळं ठरवून टाकू नका. पेटीवाल्यांना एवढंच सांगा की मी थांबले तर तुम्ही सूर धरून ठेवा. कीर्तनाच्या गावी एक तास आधी पोचा आणि गाडीतून उतरून थेट मंदिरात जाऊ नका. पाराशी, टपरीशी, विहिरीशी दहा मिनिटं थांबा.

आणि पुढच्या कीर्तनाच्या वहीत उत्तररंगातलं, म्हणजे आख्यानाच्या भागातलं, एक पान कोरं ठेवा. सगळं आख्यान नको, एकच जागा. राम वनात निघाला आहे आणि ऊर्मिला दाराशी उभी आहे, अशी एखादी. अलीकडचं पाठ, पलीकडचं पाठ, मध्ये काही नाही. तिथे पोचलात की मूळ पद दोनदा म्हणा आणि समोर कोण बसलं आहे ते बघा. काय झालं ते मला कळवा.